लोंबणी झाली का?

आधी एक सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत तुमच्या डोक्यात तेच फिरत राहील. नाही, इंजिन नसतं. पेट्रोल नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही. डोंगराच्या कडेला माणूस पळत सुटतो आणि उडतो. बास! मंचरच्या बाजारात, लग्नात, एसटीत, जिथं जाईन तिथं लोक मला हे विचारतात, आणि मी 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो जणू मी त्यालाच आत्ता कड्यावर घेऊन चाललेय.

मी स्नेहल. मंचरची. आमचं भांड्यांचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून आमच्या घरातली झाडून सगळी माणसं गादीवर बसून धंदा करत आली. पप्पांचं ठरलेलं वाक्य आहे, "सगळ्या पिढ्या गादीवर बसल्या, ही एकटीच हवेत." बी.कॉम. झाल्यावर जुन्नर तालुक्यातल्या एका फ्लाइंग क्लबात फोन उचलायला म्हणून लागले, आणि वर्षभरात फोन बाजूला राहिला आणि मी स्वतःच उडायला लागले. घरी कळलं तेव्हा काय झालं ते सांगत बसले तर दिवाळी अंक संपेल. आता माझं काम असतं वर उभं राहायचं. 'वर' म्हणजे डिंगोरे गावाच्या मागचं पठार, त्याला आम्ही नुसतं 'वर' म्हणतो. आज कोण उडणार, कधी उडणार आणि कोण गपगुमान चहा पिऊन घरी जाणार, हे मी सांगते. याला लाँच मार्शल म्हणतात. गावात 'ती माणसं उडवणारी ताई' म्हणतात.

एक फरक समजून घ्या, मग पुढचं सोपंय. तुम्ही पर्यटनाच्या जाहिरातीत बघता ते रंगीत छत्रीसारखं असतं ते पॅराग्लायडर. कापड आणि दोऱ्या. येणारे पाहुणे त्यातून उडतात, मागं आमचा पायलट बसलेला असतो. हँग ग्लायडर वेगळा. त्याला खरेखुरे पंख असतात, ॲल्युमिनियमच्या पाइपांचे, वर ताणून बसवलेलं कापड, लांबून बघितलं तर भलीमोठी घार. पंखाखाली पाइपांचा एक त्रिकोण असतो. माणूस त्या त्रिकोणात उभा राहतो, पंख खांद्यावर घेतो आणि उताराला पळतो. उडाला की पोटावर आडवा होतो आणि त्रिकोणाची खालची दांडी धरून अंग इकडं तिकडं सरकवतो. अंग डावीकडं, पंख डावीकडं. एवढंच ड्रायव्हिंग.

आणि माणूस पंखाला कशानं जोडलेला असतो? एका हुकनं.

माणसाच्या अंगात हार्नेस असतो, म्हणजे जाड पट्ट्यांची झोपायची पिशवीच म्हणा. तिच्या पाठीवर हुक. पंखाच्या मधोमध एक पट्ट्याचा फास लोंबतो. हुक त्या फासात अडकवायचा. आता यातली गंमत, गंमत कसली, भीती ऐका. हुक पाठीवर असतो, त्यामुळं तो ज्याचा त्याला दिसत नाही. आणि पंख खांद्यावर असताना पट्टा ढिला असतो, त्यामुळं हुक लागलाय का नाही हे अंगालाही कळत नाही! दोन्ही वेळेला सेम वाटतं. फरक कळतो तो पाय जमिनीवरून सुटल्यावर.

म्हणून 'लोंबणी'. हा आमच्या क्लबातला शब्द, विलासदादानं काढलेला. उडायच्या आधी पंख जमिनीवर टेकवायचा, एकानं पुढून त्याचं नाक धरायचं आणि पायलटनं त्रिकोणात पोटावर आडवं होऊन सगळं वजन हुकवर सोडून लोंबकळून बघायचं. समोरच्यानं हुक बघायचा, हुकचं लॉक बघायचं, पाय पट्ट्यातून गेलेत का बघायचं, मग उठायचं. दादाचा नियम होता, लोंबणीनंतर काहीही कारणानं हुक काढला तर लोंबणी पहिल्यापासून. देव आला तरी.

विलासदादा म्हणजे आमचा क्लब. अवसरी बुद्रुकचा शेतकरी माणूस, कांदा आणि झेंडू करतो. तरुणपणी कुठूनतरी हे वेड घेऊन आला आणि सगळ्यांना लावलं. आम्हाला सगळ्यांना त्यानंच शिकवलं. तो वाऱ्याला शिव्या देतो, आम्हाला जास्त देतो, आणि इतक्या वर्षांत त्याच्या हाताखाली कुणाचं नखसुद्धा मोडलेलं नव्हतं.

आता वाटेल आमचं काम म्हणजे सारखं टेन्शन. नाही हो, निम्मा वेळ नुसता तमाशा असतो. एकदा नारायणगावच्या बाजूचे एक बागायतदार आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पांढरे बूट. म्हणाले, "ताई, पोराचं लगीन हाय. नवरदेव वरनं उडत आणून मांडवात उतरवायचा."

मी म्हटलं, "काका, हेलिकॉप्टरवाल्यांना विचारा ना."

"हेलिकॉप्टर समद्यांनीच आणलं. आमाला येगळं पायजे."

"पण त्यादिवशी वारा नसला तर?"

"वारा आणू की! लई पंखं लावू, मोठं. जनरेटर हायेत दोन घरचं."

मी विलासदादाकडं बघितलं. दादा एकदम गंभीर चेहरा करून म्हणाला, "पावणं, उतरवू आपण. पण वाऱ्यानं नेला पल्याडच्या गावात आन तिथंबी मांडव असला, तर मग तिकडची पोरगी करावी लागंल." बागायतदार हसले नाहीत. खरंच विचारात पडले! मग म्हणाले, "हुंडा किती द्येतील?" आणि आम्ही सगळे पडलोच हसून.

दुसरं एक सांगते. आमच्या भागात उडताना सगळ्यात मोठा नियम कोणता माहितीय? उसात उतरायचं नाही. बाहेरच्या पायलटला वाटतं ऊस मऊ असतो, उतरायला बरा. अरे बाबा, आमच्याकडं उसात बिबट्याची बाळंतपणं होतात! पुण्याचा एक आयटीवाला मेंबर, चांगला उडतो, पण एकदा वारा कमी पडला आणि बसला की उसाच्या मधोमध. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज, एकदम बारीक, "स्नेहल, मी ऊस." मी उसात नाही, मी ऊस! इतका घाबरलेला. मी सांगितलं, आवाज कर, गाणी म्हण, काहीपण म्हण. तर त्यानं भीतीनं ऑफिसच्या मीटिंगमधलं इंग्रजी बोलायला सुरुवात केली. 'ॲज वी डिस्कस्ड' वगैरे! उसाचा मालक फटाके घेऊन आत गेला आणि त्याला काढून घेऊन आला. मोडलेला ऊस बघत मालक म्हणाला, "बिबट्या परवडला राव. त्यो वाट काढून तरी जातो."

असं चालायचं. म्हणजे मला खरंच वाटायचं की आमच्या धंद्यातले अपघात म्हणजे नवख्यांचे, बाहेरच्यांचे, आगाऊ पोरांचे. ज्याला नियम माहिती नाही त्याचे. मी ते नवीन मेंबरांना छाती पुढं काढून सांगायचेसुद्धा.

मग गेला हिवाळा आला.

झालं असं की त्या आठवड्यात दादानं एक जबरदस्त फ्लाइट केली होती. वरून उडाला आणि डोंगराडोंगरानं, उन्हानं तापून वर येणाऱ्या हवेच्या झोतांवर चढत चढत, थेट मंचरजवळच्या कळंबला जाऊन शाळेच्या मैदानात उतरला. पोरांनी वर्ग सोडले, मास्तरांनी पोरांना सोडून आधी स्वतः सेल्फी काढले. सगळ्या ग्रुपवर फोटो. आता आपल्याकडं एवढं झाल्यावर काय होणार? सत्कार होणार! भागातले एक पुढारी आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते कुठले ते मी सांगत नाही कारण माणूस वाईट नाही. त्यांचा निरोप आला, रविवारी सकाळी वर येतो, शाल-श्रीफळ द्यायचं, लोक पण येतील, आणि मग विलासरावांनी सगळ्यांसमोर उडून दाखवायचं.

रविवारी गावातली बरीच माणसं वर चढून आली. पोरं, बायका, भेळेची गाडीसुद्धा कुणीतरी अर्ध्या वाटेपर्यंत आणली. आबांचा पत्ता नाही. वारा मस्त समोरून येत होता, मंद, अगदी पाहिजे तसा. दादा म्हणाला, "आबाच्या नादी लागलो तर वारा जाईल निघून. उडतो मी. सत्कार खाली घेऊ." त्यानं हार्नेस चढवला. हुक लावला. मी नाक धरलं. "लोंबणी." दादा लोंबला, मी हुक बघितला, लॉक बघितलं, पाय बघितले. "झाली!" दादा उठला.

आणि तेवढ्यात जीप आली. आबा खिडकीतूनच ओरडले, "थांबा, थांबा! इलासराव, दोनच मिन्टं!"

आता तुम्हीच सांगा, आपल्यात कुठला माणूस अशा वेळी म्हणेल की नाही थांबत? शाल घेऊन वयस्कर माणूस धक्के खात डोंगरावर आलाय! दादा हसला, पंख टेकवला, हेल्मेट काढलं आणि त्रिकोणातून बाहेर आला. आबांनी शाल घातली. फेटा बांधायला माणूस आणला होता, त्यानं फेटा बांधला. नारळ दिला. आबांचा फोटोग्राफर मला म्हणाला, "ताई, तुमी जरा साइडला, फ्रेममधी येताय." दादानं शाल आणि नारळ माझ्या हातात दिला, "धर गं." फेटा काढून हेल्मेट घातलं. आबा घड्याळ बघत होते, त्यांना दुसरीकडं दशक्रियेला जायचं होतं. लोक म्हणत होते उडवा, उडवा. दादानं पंख उचलला. मंद वाऱ्यात नाक धरायला कुणी लागत नाही. त्यानं समोर बघितलं आणि पळाला.

मी बाजूला उभी होते म्हणून मला ते दिसलं. समोर उभी असते तर दिसलं नसतं. पंखाखाली तो फास मोकळा हलत होता. एकटाच. घंटेच्या दोरीसारखा.

मी ओरडले, "हुक! दादा, हुक!" पण वाजंत्री होती ना! आबांनी वाजंत्री आणली होती! दादा कडेवरून गेला, पंख उचलला गेला आणि दादा खाली राहिला. म्हणजे हातांवर. दोन्ही हातांनी दांडी धरून लोंबकळत, पाय हवेत.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला आजही ते लिहिताना कसंतरी होतंय. लोकांना वाटलं हा स्टंट आहे! सत्कारासाठी स्पेशल! शिट्ट्या, 'वा रं वाघा', पोरं उड्या मारतायत, आबा टाळ्या वाजवतायत, आणि मी नारळ धरून उभी. माझ्या घशातून आवाजच निघेना. माणूस मरायला चाललाय आणि सगळं गाव खूश!

माणूस हातांवर लोंबला की त्याचं सगळं वजन पुढं येतं, आणि वजन पुढं आलं की पंख नाक खाली घालून सुसाट सुटतो. तसाच सुटला. दादानं एक पाय वर फेकला, नाही जमला. पुन्हा फेकला, दांडीवर गुडघा अडकला. आता तो माकडासारखा दांडीला चिकटलेला. मी म्हणत होते सोडू नको, सोडू नको, सोडू नको. मोठ्यानं का मनात, माहीत नाही. मग तो उताराच्या आड गेला आणि दिसायचा बंद झाला. टाळ्या चालूच होत्या.

मग खालून आवाज आला. तो आवाज मी सांगणार नाही.

जीपनं खाली कशी गेले आठवत नाही. आबाच गाडी चालवत होते, एवढं आठवतं, आणि ते रडत होते. खाली कांद्याचे वाफे होते, आदल्या दिवशीच पाणी दिलेले. पंख तिथं चिखलात नाक खुपसून मोडून पडला होता आणि दादा त्याच्या पुढं, चिखलात घसपटत गेलेला. शेतातल्या मावशी त्याच्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "जित्ता हाय. शिव्या देतोय."

देतच होता. स्वतःलाच देत होता. मांडीचं हाड मोडलं, गळपट्टीचं हाड मोडलं, बरगड्या गेल्या. वाफे कोरडे असते तर मी हे लिहायला बसले नसते. चार जणं त्याला हातापायाला धरून उचलायला निघाले तेव्हा मात्र माझा आवाज परत आला. असा आला की सगळे मागं सरले. पाठीला मार असेल तर माणूस वाकवून उचलायचा नाही, हे दादानंच शिकवलं होतं. गोठ्याची फळी काढून आणायला लावली, त्यावर सरळ झोपवला, मान दोन्ही बाजूंनी शालीनं टेकवली. हो, तीच शाल. माझ्या खांद्यावर राहिली होती.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडं गेला. खाली लिहिलेलं, 'जुन्नरच्या वाघाचा थरारक स्टंट'. वर गाणं लावलेलं.

दवाखान्यात ऑपरेशननंतर दादा शुद्धीवर आला आणि त्याचं पहिलं नीट वाक्य होतं, "हुक तुटला." वहिनी, म्हणजे दादाची बायको, शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी पण तेच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच, "हुक तुटला राव, माल खराब निघाला." क्लबातले बाकीचे पायलट घाबरले, सगळ्यांचे हुक त्याच खेपेचे होते. हे असं सोडून चालणार नव्हतं. मी हार्नेस घेऊन गेले. डॉक्टरांनी कात्रीनं कापून काढलेला, चिखल वाळलेला. पाठीवरचा हुक दादाच्या चांगल्या हातात दिला.

हुक अखंड होता. साधा ओरखडा नाही.

दादानं तो उघडून बघितला, बंद करून बघितला. म्हणाला, "मी लावला व्हता."

"हो दादा. लावला होता. लोंबणी पण झाली होती. मग सत्काराला काढला."

"न्हाय. त्याच्यानंतर मी परत लावला. मला आठवतंय. अगं हाताला आठवतंय माझ्या."

मी मोबाइल पुढं धरला. गाण्याचा आवाज बंद केला. दादानं बघितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "ह्यो मी न्हाय."

इतकी वर्षं मी या माणसाला ओळखते. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं! मला जास्त धक्का कशाचा बसला विचाराल तर पडण्याचा नाही, याचा बसला. त्याच्या डोक्यात लोंबणीवर टिक झालेली होती, आणि एकदा टिक झाली की डोकं परत बघत नाही. फेटा, शाल, फोटो, सगळं त्या टिकेच्या नंतर घडलं, पण टिक तशीच राहिली. सगळ्यांत पक्का माणूस, आणि त्याचाच हात त्याला खोटं सांगतोय.

वहिनी शेजारीच होती. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर क्लबातनं हाकलला असता. आता सोताला हाकला बघू."

दादा भिंतीकडं तोंड करून पडला. तसाच म्हणाला, "स्नेहल, सगळ्यांना सांग, हुक चांगला व्हता. मी इसरलो. हेच शब्द सांग, मधी काय घालू नको."

मी सांगितलं. ग्रुपवर तसंच टाकलं. पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि मग दोन मेंबर सोडून गेले. एकजण म्हणाला, विलासदादा विसरतो तर मी कोण?

इकडं घरी वेगळंच. पप्पांनी व्हिडिओ दुकानात गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बघितला होता. ते ओरडले नाहीत. आम्ही जैन, रात्री जेवत नाही आमच्याकडं कुणी, सूर्य मावळायच्या आत जेवण, तर त्या दिवशी ते ताटावर बसले आणि घास हातात धरून नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून गादीवर ये."

"पप्पा, असं होत नाही हो सगळ्यांना."

"त्याला झालं ना? तो तुझा गुरू."

"मी डोळ्यांनी बघितलंय सगळं. मी आता मेले तरी विसरणार नाही."

"लिहून देतेस?"

"देते!" मी म्हटलं. आणि मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. शपथेवर सांगते. ज्यानं तो मोकळा फास हलताना बघितलाय, तो माणूस हुक कसा विसरेल? शक्यच नाही! पप्पा मानले नाहीत, पण अडवलंही नाही. मम्मीनं नवकार म्हणायला लावला आणि सोडलं.

पावसाळ्यात दादा कुबड्यांवरून काठीवर आला. क्लब बंद करायचा का यावर बैठक झाली. दादा काठी टेकत आला आणि उभ्यानं बोलला, बसायला त्याला वेळ लागतो म्हणून. म्हणाला, क्लब चालू ठेवायचा असला तर एकच बदल. लोंबणी आता नुसती आधी नाही, शेवटी परत एकदा. पळायच्या जागेवर. नाक धरणाऱ्यानं नाक सोडायचं नाही, जोपर्यंत पायलट त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत नाही. "झाली का इचारायचं, तो झाली म्हनंल. ऐकायचं न्हाय. तो खोटं बोलत नसतोय, पण ऐकायचं न्हाय." कुणीतरी म्हणालं, दोनदा दोनदा लोंबायचं म्हणजे लोक हसतील. दादा म्हणाला, "हसू दे. टाळ्या वाजवत्यात त्याच्यापरीस बरं."

पाऊस गेला, गवत वाळायला लागलं आणि या हंगामाची पहिली उडी कुणाची, तर माझी. अपघातानंतर आमच्यातलं कुणीच हँग ग्लायडरनं उडालं नव्हतं. दादानं स्वतः सांगितलं, "स्नेहल उडंल. नाक मी धरतो." गाव नव्हतं, वाजंत्री नव्हती, कुणाला कळवलंच नव्हतं. आम्ही क्लबातले चार-पाच जण आणि पठारावर मेंढरं घेऊन येणारे गेनूमामा. मामा लांबूनच म्हणाले, "पोरी, आज लोंबकाळनार का झोपून जानार?" मी म्हटलं, "झोपून मामा, झोपून!"

मी हार्नेस घातला. हुक लावला. जागेवर पंख टेकवून पहिली लोंबणी केली, आमच्यातल्याच एकानं बघितली. सगळं ओके. वारा समोरून, मंद. दादा काठी टेकत टेकत पुढं येऊन उभा राहिला होता, नाकाच्या समोर, कडेला पाठ करून. त्याला तिथं उभं राहिलेलं बघितलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, एकदम भरून आलं. त्याच जागेवरून तो गेला होता ना! मी पुढं गेले आणि वाकून त्याच्या पाया पडले. त्यानं डोक्यावर हात ठेवला, "चल, चल, वारा हाय तवर." त्याचाही आवाज फाटला होता. मी नाक पुसलं, हेल्मेट नीट केलं, त्रिकोणात येऊन उभी राहिले. हात पाइपांवर. श्वास घेतला. समोर सगळं खोरं, उन्हात. इतकं मोकळं वाटलं मला, राव!

दादानं काठी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी नाकापासून दांडीला आलेल्या तारा धरल्या.

"लोंबणी झाली का?"

"झाली!"

"लोंब."

"अरे दादा, आत्ताच झाली ना. वारा आहे तोवर..."

"लोंब म्हनलं ना."

मला थोडा रागच आला. खरं सांगते. मी पुढं झुकले आणि सगळं वजन सोडून दिलं.

आणि खाली पडले. सरळ. दांडी छातीत बसली, हेल्मेट दगडावर आपटलं आणि तोंडात माती गेली. मला कळेचना काय झालं. मला वाटलं फास तुटला! पहिला विचार हाच आला, बघा! फास तुटला. मी मान वळवून वर बघितलं. फास चांगला होता. मोकळा लोंबत होता.

पाया पडायला बाहेर गेले होते. हुक काढल्याशिवाय बाहेर जाताच येत नाही. म्हणजे मी तो काढला. कधी काढला? मला आठवत नाही. आजही आठवत नाही. हाताला विचारलं तर हात म्हणतो, लावलेला होता.

मला उठताच येईना, तशीच पालथी पडून मी समोर बघत होते. समोर दादाचे पाय, आणि त्याच्या टाचांच्या मागं काहीच नाही, नुसती हवा. दादा तारा धरूनच उभा होता. त्याची बोटं पांढरी पडली होती. त्यानं माझ्या पाया पडण्याला आशीर्वाद दिला होता, मी बाहेर आलेली त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्यालाही कळलं नव्हतं! आम्हा दोघांना! ज्या दोघांना जगात सगळ्यात जास्त माहीत होतं!

गेनूमामा लांबून ओरडले, "काय झालं?"

दादा म्हणाला, "काय न्हाय. नियम पाळला."

मग मला म्हणाला, "ऊठ. तोंड धू. आन ऐक. इथनं पुढं कुणाच्या पाया पडायचं ते खाली उतरल्यावर. जित्तं उतरल्यावर. वर न्हाय."

मी चूळ भरली. हुक लावला. लोंबले. दादानं हुक हातानं ओढून बघितला, लॉक बघितलं, पाय बघितले, मला उठवलं आणि विचारलं, "उडायचंय का? न्हाय म्हनलीस तर कुणी काय म्हननार न्हाय."

मी म्हटलं, "उडायचंय."

दादानं तारा सोडल्या आणि काठी न उचलताच लंगडत बाजूला झाला. मी पळाले.

पाय सुटले आणि पाठीवरचा पट्टा ताठ झाला. तो ताण मला आयुष्यात पहिल्यांदा एवढा कळला. कुणीतरी मागून काखेत हात घालून उचलावं तसा. मी फार लांब गेले नाही, उंच पण गेले नाही, घिरट्या नाही, काही नाही. सरळ खाली गेले आणि कापलेल्या बाजरीच्या रानात उतरले. उभ्यानं, नीट.

खरंतर उतरल्यावर पहिलं काम हुक काढायचं असतं, वारा आला तर पंख माणसाला ओढत नेतो. मला माहितीय. नवीन मेंबरांना मीच सांगते. पण माझा हात पाठीमागं जाईना. हुक लावलेलाच, पंख डोक्यावर, मी तशीच खुंटांमध्ये गुडघ्यावर बसून राहिले. किती वेळ ते विचारू नका.

जीप बांधाला थांबली. दादा हळूहळू उतरला, ढेकळांतून एकेक पाय टाकत आला, पंखाचं नाक धरलं आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला,

"मी धरलंय. काढ आता."